उत्तर मुलाचं, पण विचारलं कोणी आणि कसं?

दोन सारखे काचेचे पेले घ्या. दोन्हींत दीडशे-दीडशे मिली कोकम सरबत ओता, म्हणजे पातळी लांबूनही दिसते. पाच वर्षांचं मूल समोर बसवा आणि दोन्हींत सारखंच आहे ना, हे त्यालाच ठरवू द्या. ते नाही म्हणालं तर हातात चमचा द्या आणि त्याचं समाधान होईपर्यंत इकडचं तिकडे करू द्या. मग त्याच्या देखत एका पेल्यातलं सरबत उंच, अरुंद ग्लासात ओता आणि विचारा, "आता दोन्हींत सारखं आहे, की एकात जास्त आहे?" या वयाची बहुतेक मुलं उंच ग्लासाकडे बोट दाखवतात.

स्विस मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी अशा कितीतरी चाचण्या घेतल्या. भांडं बदललं तरी आतलं माप तेवढंच राहतं, ही समज साधारण सातव्या वर्षाच्या आसपास येते असा त्यांचा निष्कर्ष होता. त्याआधी मुलाची नजर एका वेळी एकाच गोष्टीवर असते, उंची दिसली की रुंदी सुटते. बालशिक्षणाच्या अभ्यासक्रमांत हे आजही शिकवतात आणि त्यात तथ्य आहे. पण त्या चाचणीत सरबताखेरीज आणखी कोणीतरी समोर असतं, प्रश्न विचारणारा मोठा माणूस. मूल त्यालाही वाचत असतं. मुलाच्या विचारशक्तीवर आजूबाजूच्या माणसांचा प्रभाव पडतो तो इथपासून, आणि घरात किंवा वर्गात आपल्याला सगळ्यात सहज बदलता येण्यासारखी जागाही हीच आहे.

तोच प्रश्न पुन्हा

पियाजे यांच्या पद्धतीत तोच प्रश्न दोनदा येतो, एकदा ओतण्याआधी आणि एकदा ओतल्यावर. १९७४ साली सुझन रोझ आणि मॅरियन ब्लँक यांनी सहा वर्षांच्या मुलांना चकत्यांच्या दोन ओळी दाखवल्या, एक ओळ पसरवली आणि प्रश्न फक्त शेवटी, एकदाच विचारला. मुलांच्या चुका कमी झाल्या. दहा वर्षांनी इंग्लंडमध्ये सॅम्युएल आणि ब्रायंट यांनी पाच ते आठ वर्षांच्या अडीचशेहून अधिक मुलांवर चकत्या, माती आणि पाणी अशा तिन्ही प्रकारांत हेच तपासलं. निकाल तोच आला.

कारण शोधायला प्रयोगशाळेत जायला नको. संध्याकाळी स्वयंपाकघरात काय घडतं ते बघा.

"सात आणि पाच?"
"बारा."
"किती?"
"...तेरा?"

मुलाचं गणित पहिल्याच वेळी बरोबर होतं. कुकरच्या शिटीत आईला ऐकू आलं नव्हतं, एवढंच. पण मुलाच्या अनुभवात मोठी माणसं तोच प्रश्न पुन्हा विचारतात ते बहुधा उत्तर चुकल्यावर. त्यामुळे ते उत्तर बदलतं. हाही तर्कच आहे, फक्त तो आकड्यांवर चाललेला नसून आईवर चाललेला असतो.

१९७४ च्याच सुमारास एडिंबरोमध्ये मॅकगॅरिगल आणि डोनाल्डसन यांनी आणखी एक बदल केला. चकत्यांची ओळ मोठ्या माणसाने मुद्दाम पसरवण्याऐवजी एक खोडकर टेडी खोक्यातून बाहेर आला आणि त्याने ती विस्कटली. नेहमीच्या पद्धतीत चार ते सहा वर्षांच्या मुलांपैकी साधारण सहातल्या एकानेच बरोबर उत्तर दिलं होतं. टेडीने विस्कटल्यावर शंभरातल्या साठाहून अधिक मुलांनी ते दिलं. बाईंनी मुद्दाम काहीतरी केलं म्हणजे त्याला अर्थ असणार, टेडीच्या खोडीला तसा अर्थ नसतो. पुढे काही संशोधकांनी टेडीकडून खरोखरच एखादी चकती वाढवून पाहिली, तेव्हा काही मुलांच्या ते लक्षातच आलं नाही, कारण ती टेडीकडे बघण्यात दंग होती. म्हणून टेडीमुळे मुलांची खरी समज बाहेर आली असं सरळ म्हणता येत नाही. एवढं मात्र पक्कं, की एका उत्तरावरून "याला हे कळत नाही" असा शिक्का मारू नये.

घरी ही चाचणी करायची तर प्रश्न एकदाच विचारा, तोही ओतून झाल्यावर. "जास्त कशात आहे?" असं विचारू नका, त्यात एकात जास्त आहे हे तुम्हीच सांगून टाकता. पेल्याच्या तळाशी थेंब राहू देऊ नका. चार वर्षांच्या मुलीला ते थेंब दिसतात, "इथे थोडं राहिलं" असं ती म्हणते, आणि ती बरोबर असते. मोठ्या भावाला दुसऱ्या खोलीत पाठवा. उत्तर आलं की चेहरा बदलू न देता "तुला असं का वाटलं?" एवढंच विचारा. खरं धन या 'का'च्या उत्तरात असतं. "तेच तर सरबत आहे", "परत ओतलं तर तेवढंच होईल", "हा उंच आहे पण बारीक आहे" यांतलं काहीही आलं तर समज आलेली आहे. "कारण तू ओतलंस" असं आलं, तर मूल सरबताबद्दल बोलत नाहीये, तुमच्याबद्दल बोलतंय. आणि "का?" हा प्रश्न बरोबर उत्तरानंतरही विचारायचा. फक्त चुकल्यावरच विचारलात तर आठवड्याभरात मूल ओळखतं, की "का" म्हणजे चूक.

सगळ्यांनी हात वर केल्यावर

ठाण्याच्या नौपाड्यातला एखादा क्लास असो की नवी मुंबईच्या ऐरोलीतली शाळा, एक दृश्य सारखंच दिसतं. टीचर फळ्यावर दोन अपूर्णांक लिहितात आणि विचारतात, "एक तृतीयांश मोठा की एक चतुर्थांश?" पुढच्या बाकावरचा मुलगा "चतुर्थांश" म्हणतो, मागून आणखी दोघंतिघं तेच म्हणतात आणि हां हां म्हणता अर्ध्याहून अधिक वर्ग हात वर करतो. ज्या मुलीला उत्तर येत होतं ती इकडेतिकडे बघते आणि तिचाही हात वर जातो.

मोठी माणसं असं करतात हे सॉलोमन अ‍ॅश यांनी १९५० च्या दशकात रेषांची लांबी ओळखायला लावून दाखवलं होतं. लाइपझिगमध्ये डॅनिएल हाउन आणि मायकेल टोमासेलो यांनी तेच चार वर्षांच्या मुलांवर तपासलं आणि २०११ मध्ये प्रसिद्ध केलं. चौघांच्या हातात चित्रांची पुस्तकं दिली. चारही पुस्तकं सारखीच आहेत असं मुलांना वाटत होतं, प्रत्यक्षात एका मुलाच्या पुस्तकातली काही चित्रं वेगळी होती. एकटी पडलेली अशी २४ मुलं होती आणि त्यांतल्या १८ जणांनी निदान एकदा तरी स्वतःच्या डोळ्यांना दिसलेलं सोडून इतरांचं उत्तर दिलं. पुढच्या प्रयोगात १८ मुलं होती. मोठ्याने बोलायचं होतं तेव्हा त्यांतली १२ जणं निदान एकदा इतरांच्या मागे गेली, कोणाला न दिसता नुसतं बोट दाखवायचं होतं तेव्हा आठ. म्हणजे काही मुलांना आतून बरोबर माहीत होतं, फक्त चारचौघांत वेगळं बोलायचं नव्हतं.

यावर वर्गात लागू पडणारा उपाय स्वस्त आहे: आधी लिहा, मग बोला. पाटीवर किंवा वहीच्या मागच्या पानावर प्रत्येकाने अर्ध्या मिनिटात उत्तर लिहायचं, पेन्सिल खाली ठेवायची आणि सगळ्यांनी एकदम दाखवायचं. त्यानंतर टीचरनी बरोबर उत्तर लगेच सांगायचं नाही. दोन वेगळ्या उत्तरांची मुलं निवडून दोघांना कारण विचारायचं, आणि कमी मुलांनी दिलेलं उत्तर आधी ऐकायचं. हा क्रम उलटला, बहुसंख्यांचं आधी ऐकलं, तर दुसरं मूल "माझं चुकलं वाटतं" म्हणून बसून घेतं. एक दक्षता मात्र हवी. शेजारच्याची वही बघणारं प्रत्येक मूल दबावाखाली असतंच असं नाही. त्याला फळा नीट दिसत नसेल किंवा कमी ऐकू येत असेल. आत्मविश्वासाची चर्चा सुरू करण्याआधी डोळे आणि कान तपासून घ्या.

बहुसंख्यांच्या मागे जाणं ही नेहमी कमजोरीच असते असंही नाही. शब्दांचे अर्थ, रस्ता कुठून ओलांडायचा, पंगतीत कधी उठायचं, हे सगळं मूल इतरांकडे बघूनच शिकतं. आणि मुलं डोळे मिटून कोणावरही विश्वास ठेवत नाहीत. एका माणसाने ओळखीच्या वस्तूंची नावं बरोबर सांगितली, दुसऱ्याने चेंडूला बूट म्हटलं, तर चार वर्षांची मुलं नव्या वस्तूचं नाव पहिल्यालाच विचारतात, हे कोनिग, क्लेमाँ आणि हॅरिस यांनी २००४ मध्ये दाखवलं. म्हणून आजोबांनी "मला नक्की माहीत नाही, बघून सांगतो" असं म्हणण्याने आजोबांचं वजन कमी होत नाही. ठोकून दिलेलं उत्तर दोनदा खोटं निघालं की मात्र होतं.

दाखवलं की शोधणं थांबतं

नवं खेळणं आणलं की आपण खोकं फोडून लगेच "हे बघ, असं करायचं" म्हणतो. २०११ मध्ये एलिझाबेथ बोनाविट्झ आणि सहकाऱ्यांनी बालवाडीच्या वयाच्या मुलांना एक मुद्दाम बनवलेलं खेळणं दिलं. त्यात चार गोष्टी दडलेल्या होत्या: नळी ओढली की चीं आवाज, एक दिवा, सूर वाजवणारी कळ आणि एका नळीत लपलेला आरसा. एका गटाला बाईंनी शिकवण्याच्या सुरात आवाज कसा काढायचा ते दाखवलं. दुसऱ्या गटात तो आवाज जणू चुकून निघाला. तिसऱ्या गटात बाईंनी दाखवलं, पण तेवढ्यात काहीतरी काम निघाल्यासारख्या त्या उठून गेल्या. पद्धतशीर शिकवलेल्या मुलांनी खेळणं लवकर खाली ठेवलं आणि बाकीच्या गमती त्यांना कमी सापडल्या. दाखवणं अर्धवट राहिलेल्या मुलांनी जास्त शोधलं. मुलांचा तर्क असा: बाईंना सगळं माहीत आहे, त्यांनी एवढंच दाखवलं, म्हणजे यात एवढंच असणार.

याचा अर्थ शिकवू नका असा नाही. मोदकाच्या पाकळ्या कोणी दाखवल्याशिवाय जमत नाहीत, रांगोळीचे ठिपकेही नाहीत. फरक वाक्यात आहे. "याचा असा आवाज येतो. आणखी काय काय होतं ते मला माहीत नाही, तू बघ" असं म्हटलं तर दार उघडं राहतं. घरी त्याआधी एक सोपी गोष्ट करा. जुना टॉर्च, सेल काढून, मुलाच्या हातात द्या आणि पाच मिनिटं काही बोलू नका. सुट्टे सेल लहान मुलाच्या हाती एकटं असताना ठेवू नका, आणि बटणासारखे चपटे सेल तर अजिबात नको, गिळले गेले तर जिवावर बेततं.

माणसाचं मूल नक्कल किती इमानदारीने करतं हे बघायचं तर २००५ चा हॉर्नर आणि व्हाइटन यांचा प्रयोग आठवावा. खोक्यातून खाऊ काढताना वरच्या भोकात काठी खुपसणं निरुपयोगी होतं. खोकं पारदर्शक असल्यावर तरुण चिंपांझींनी ती पायरी सोडून दिली. तीन-चार वर्षांच्या मुलांनी ती तशीच केली. मोठ्याने मुद्दाम केलंय म्हणजे त्याला कारण असणार, असं मूल धरून चालतं. परंपरा याच गुणावर टिकतात. गणितात मात्र हाच गुण नडतो: "हातचा का घेतला?" याला "बाईंनी असंच करायला सांगितलंय" हे उत्तर येतं.

मदत किती आणि कधी काढून घ्यायची

लेव्ह वायगॉट्स्की यांचा जन्म पियाजेंच्याच वर्षी, १८९६ मध्ये, पण आयुष्य जेमतेम ३७ वर्षांचं, क्षयाने गेले. मूल एकटं काय करू शकतं आणि कोणाच्या मदतीने काय करू शकतं, या दोहोंमधल्या पट्ट्यात वाढ होते, असं त्यांचं म्हणणं. १९७६ मध्ये वुड, ब्रुनर आणि रॉस यांनी तीन ते पाच वर्षांच्या मुलांना २१ लाकडी ठोकळ्यांचा मनोरा रचायला देऊन ही मदत प्रत्यक्षात कशी दिसते ते नोंदवलं. डेव्हिड वुड यांच्या पुढच्या कामातून निघालेला नियम दोन ओळींचा आहे. मूल अडलं तर मदत एका पायरीने वाढवा. जमलं तर लगेच एका पायरीने कमी करा.

वाशीच्या बाजारात आठ वर्षांची नात आणि आजोबा उभे आहेत असं धरा. मेथीच्या दोन जुड्या, पंधराला एक, हातात पन्नासची नोट. सगळ्यात कमी मदत म्हणजे, "आता काय करायचं, बाळा?" ती गप्प राहिली तर, "आधी दोन जुड्यांचे किती झाले ते बघ." तरी अडली तर जुड्यांकडे बोट करून, "ही पंधराची, आणि ही पंधराची." त्यावरही नाही जमलं तर दहाच्या तीन नोटा बाजूला काढून, "हे भाजीवाल्या काकांचे, पन्नासाला अजून किती हवेत?" आणि शेवटची पायरी, स्वतः मोजून दाखवणं: तीस, चाळीस, पन्नास, म्हणजे वीस परत. मेथीला चौथी पायरी लागली आणि नातीला ते जमलं, तर पुढे कोथिंबीर घेताना तिसरीपासून सुरुवात करा.

इथे दोन गोष्टी बिघडतात. एक म्हणजे आपण शेवटच्या पायरीवर उडी मारतो, कारण मागे माणसं उभी असतात. म्हणून हा प्रकार संध्याकाळी सातच्या गर्दीत करू नका. दुसरी आताची गोष्ट: क्यूआर कोड स्कॅन करून पैसे दिले की सुटे पैसे परत येतच नाहीत आणि मुलाच्या डोळ्यांसमोरून वजाबाकीच नाहीशी होते. आठवड्यातून एकदा तरी रोख द्या.

गणित कोणत्या माणसांत आणि कशासाठी केलं जातं, याने मुलाची कुवत केवढी दिसते ते बदलतं. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर विक्री करणारी पाच मुलं, वय नऊ ते पंधरा. गिऱ्हाइकाशी व्यवहार करताना त्यांचे ९८ टक्के हिशोब बरोबर आले. तेच हिशोब कागदावर उदाहरण म्हणून दिले तेव्हा ३७ टक्के. कॅराहर आणि सहकाऱ्यांचा हा अभ्यास १९८५ चा. मुलं पाचच होती, पण २०२५ मध्ये दिल्ली आणि कोलकात्याच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांवर कितीतरी मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि त्यातही हेच दिसलं. शिवाय उलट बाजूही दिसली: शाळेत चांगली गणितं सोडवणारी मुलं बाजारातल्या हिशोबात अडखळली. ठाण्याच्या जांभळी नाक्यावर वडिलांच्या गाळ्यावर बसणारा मुलगा वर्गात 'ढ' ठरत असेल, तर त्याला वर्गातही एकदा गिऱ्हाईक आणि गल्ल्याच्या भाषेत विचारून पाहावं, आणि मग तोच हिशोब कागदावर कसा मांडतात ते त्याच्या शेजारी बसून जोडून दाखवावं. ही जोडणी आपोआप होत नाही, आणि ती करून देणं हे शिक्षकाचं खरं काम आहे.

ठाणे जिल्ह्याला हे नवीन नाही. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात, आताच्या पालघरमध्ये, बोर्डीला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. महागड्या परदेशी साधनांऐवजी खडे, बिया, शंख-शिंपले वापरले. गुरं राखणारी मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर शाळाच कुरणात नेली.

आणि मदतीच्या पायऱ्यांचं एक रूप तर आपल्या पोरांनी स्वतःच शोधून ठेवलंय. सोसायटीच्या आवारात लगोरी किंवा डबा ऐसपैस रंगतो तेव्हा सगळ्यात लहानग्याला 'कच्चा लिंबू' करतात. तो पळतो, लपतो, ओरडतो, पण त्याच्यावर राज्य येत नाही. खेळ बघायला मिळतो, चुकण्याची किंमत मोजावी लागत नाही, आणि वर्ष-दीड वर्षाने कोणीतरी म्हणतं, "आता तू कच्चा लिंबू नाहीस हां." मोठ्यांनी मध्ये पडून "त्यालाही राज्य घ्यायला लावा, सगळे सारखे" असं करू नये.

भांडणातून येणारी अक्कल

१९७० च्या दशकात स्वित्झर्लंडमध्ये दुआझ, मुन्यी आणि पेरे-क्लेरमाँ यांनी दाखवलं, की पाण्याच्या किंवा रचनेच्या कोड्यावर दोन मुलांनी एकत्र काम केलं आणि त्यांची मतं जुळली नाहीत, तर पुढच्या वेळी एकेकटी सोडवतानाही ती सुधारतात. १९८२ मध्ये एम्स आणि मरी यांना तर असं आढळलं, की दोघांचीही उत्तरं चुकीची, पण परस्परविरुद्ध असली तरी प्रगती होते. "उंच आहे म्हणून यात जास्त" आणि "रुंद आहे म्हणून त्यात जास्त" अशी दोन चुकीची मतं भिडली की उंची आणि रुंदी दोन्ही एकदम टेबलावर येतात.

नेरूळच्या पार्किंगमधलं क्रिकेट ऐका.

"वन टप आउट आहे ना!"
"भिंतीला लागून आला. भिंतीचा टप नसतो."
"कोणी सांगितलं? काल तूच घेतलेलास!"
"काल झाड होतं, भिंत नव्हती."

नियम, अपवाद, पूर्वीचा दाखला, दोन घटनांतला फरक, सगळं चार वाक्यांत आलं. गॅलरीतून "भांडू नका रे, खेळायचं तर खेळा" असं ओरडण्याआधी दोन मिनिटं थांबा. हात उगारला गेला किंवा एकजण रडवेला झाला, तर जरूर जा.

जोडी लावताना बिघडतं ते असं. हुशार मुलगा आणि कच्चा मुलगा शेजारी बसवले, की हुशार सोडवतो आणि दुसरा उतरवतो. किंवा जिवलग मैत्रिणी असतात आणि एक म्हणते, "बरं बाई, तुझंच." मतभेद मिटला, विचार झालाच नाही. म्हणून फार अंतर नसलेली मुलं एकत्र बसवा, दोघांत मिळून एकच कागद द्या आणि आधीच सांगा, की उत्तर कोणालाही विचारलं जाईल आणि ज्याला विचारू त्याने जोडीदाराचं कारण सांगायचं. या शेवटच्या अटीला आधार आहे. १९९५ मध्ये रॉबर्ट सीग्लर यांनी पाच वर्षांच्या मुलांना बरोबर उत्तर सांगून "मला हे कसं कळलं असेल?" असं विचारलं. ज्यांना नुसतं बरोबर-चूक सांगितलं, किंवा ज्यांना स्वतःचंच कारण सांगायला लावलं, त्यांच्यापेक्षा ही मुलं जास्त शिकली.

मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात शिक्षकांच्या तासिका ध्वनिमुद्रित करून मोजलं: प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एकच सेकंद थांबतात. ते तीन सेकंदांवर नेलं, की उत्तरं लांबतात, गप्प बसणारी मुलं बोलू लागतात, "माहीत नाही" कमी होतं. उत्तर आल्यावरही तीन सेकंद थांबायचं असतं, हे बहुतेक जण विसरतात. मनात एक-दोन-तीन म्हणा.

कौतुकाबद्दल थोडक्यात. म्युलर आणि ड्वेक यांच्या १९९८ च्या प्रयोगात "किती हुशार आहेस" असं ऐकलेल्या पाचवीच्या वयाच्या मुलांनी अवघड कोड्यांत अपयश आल्यावर लवकर हात टेकले. त्यांतल्या ३८ टक्क्यांनी आपले गुण वाढवून सांगितले, मेहनतीचं कौतुक ऐकलेल्यांत हे प्रमाण १३ टक्के होतं. पुढच्या मोठ्या अभ्यासांत अशा उपायांचा परिणाम पूर्वी वाटला तेवढा मोठा दिसला नाही, तेव्हा एका वाक्याने मूल घडतं किंवा बिघडतं असं समजू नका. पण "आधी आकृती काढलीस ते बरं केलंस" हे "शाब्बास, हुशार आहेस"पेक्षा जास्त उपयोगी आहे, कारण पुढच्या वेळी काय करायचं ते त्यात आहे.

ज्या घरांत आई-वडील सकाळच्या लोकलने जातात आणि रात्री आठला परततात, तिथे दिवसभर मुलाला प्रश्न विचारणारी माणसं वेगळीच असतात: पाळणाघरातल्या काकू, ट्यूशनच्या टीचर, आजी. त्यांना लांबलचक सूचना देऊ नका. एकदाच विचारा, तीन सेकंद थांबा, चुकलं तरी आधी कारण विचारा, एवढंच सांगा.

गावाकडचे आजी-आजोबा व्हिडिओ कॉलवर असतील तर तेही चालतं, फक्त बोलणं दोन्हीकडून हवं. पॅट्रिशिया कुल यांच्या २००३ च्या प्रयोगात नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांनी समोर बसलेल्या बाईंकडून बारा बैठकांत चिनी भाषेतले आवाज ओळखायला घेतले. तेच चित्रफितीवर दाखवलं तेव्हा काहीच शिकली नाहीत. पण २०१४ मध्ये दोन ते अडीच वर्षांची मुलं व्हिडिओ कॉलवरून नवी क्रियापदं शिकली, कारण पलीकडचा माणूस त्यांच्या बोलण्याला तिथल्या तिथे उत्तर देत होता. तेव्हा आजीने नुसतं बडबडगीत म्हणण्यापेक्षा "तुझ्या हातात काय आहे? दाखव. अगं बाई, केवढं मोठं!" असं बोलावं.

दाढी-मिशा फुटायच्या वयात

गार्डनर आणि स्टाइनबर्ग यांनी २००५ मध्ये १३ ते १६, १८ ते २२ आणि २४ च्या पुढचे असे तीन गट गाडीच्या एका व्हिडिओ खेळासमोर बसवले. सिग्नल पिवळा झाला की थांबायचं की अजून थोडं पुढे जायचं, एवढाच प्रश्न. एकटे असताना तिन्ही गटांत फार फरक नव्हता. मागे दोन दोस्त उभे राहिले की सगळ्यात लहान गटाने बराच जास्त धोका पत्करला, २४ च्या पुढच्यांच्या खेळण्यात फरक पडला नाही. मुलाला धोका कळत नाही असं नाही. घरी शांतपणे विचारलं तर तो सगळे धोके तोंडपाठ सांगेल. मित्र बघत असताना त्याच्या मनातला तराजू वेगळा झुकतो. दोस्तांच्या दबावाला नाही म्हणण्याची ताकद साधारण १४ ते १८ या काळात हळूहळू वाढते.

म्हणून नवी मुंबईच्या पाम बीच रोडवर रात्री बाइकने जाऊ नये यावरचं तासाभराचं व्याख्यान वाया जातं. ते मूल घरात पटवून घेतं आणि निर्णय घेतं रस्त्यावर. त्याऐवजी जाण्याआधी दोन नेमक्या गोष्टी त्याच्याच तोंडून ठरवून घ्या: परत कशाने येणार, आणि मागे बसायला सांगितलं तर कोणतं वाक्य बोलणार. वाक्य त्याचं हवं, तुमचं नको. शिवाय एक खूण ठरवा. त्याने रिकामा मेसेज किंवा एखादं ठरलेलं अक्षर पाठवलं, की तुम्ही पाच मिनिटांत फोन करून "लगेच घरी ये, काम आहे" म्हणायचं. "मम्मीचा फोन आहे यार, जायला लागेल" हे चारचौघांत सांगायला सोपं असतं. त्या रात्री घरी आल्यावर चौकशी करायची नाही, नाहीतर पुढच्या वेळी खूण येणार नाही. जेवायला वाढा, आणि काय झालं ते दुसऱ्या दिवशी विचारा.